टिपूसाहेबांचा दुभाष्या

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की कोल्हापुरात फुटबॉलचा मोसम उभा राहतो. पेठेच्या कोपऱ्यावर फलक लागतात, तालमीच्या दारात खेळाडू बूट घासत बसतात आणि रिक्षावर कर्णा बांधून कुणीतरी सामन्याची वेळ ओरडत गल्लीबोळांतून फिरतं. मी खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, "तुमचाच खेळ की ह्यो. ग्राउंडावर जाऊन बसायचं सोडून दारंखिडक्या लावून काय बसताय?" तिला काय सांगणार! मला गर्दीचा त्रास नाही, आवाजाचाही नाही. पण संध्याकाळी कानाच्या पाळ्या गार पडायला लागल्या, की मला दुसरंच एक मैदान दिसायला लागतं. ते मला बघायचं नसतं.

ते मैदान सौदीत होतं. धाहरानहून रास तनुराकडे जाताना आत वळलं, की एक गाव लागायचं, खजुरीच्या बागा अर्ध्या तुटलेल्या आणि सिमेंटच्या इमारती अर्ध्या उठलेल्या. तेलाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे घरटी एक माणूस "तिकडं" होता, आणि तिकडं रोज काहीतरी नवीन बांधलं जात होतं. त्या गावच्या क्लबाला हिरवळीचं मैदान झालं होतं, वर दिव्यांचे चार उंच खांब. ते खांब आणि गवताला पाणी देणारा पंप माझ्या ताब्यात. मी आयटीआय केलेला वायरमन. ठेकेदार कंपनीनं मला तिथं नेमून दिलं होतं.

नोव्हेंबर आला, की तिथली हवा एकदम माणसात यायची. सहा महिने तोंडावर भट्टीचं दार उघडं टाकलेलं असायचं, ते कुणीतरी बंद करायचं. पहाटे धुकं पडायचं, खांबांचे वरचे दिवे त्यात बुडून जायचे. संध्याकाळी गवतावर शुद्ध केलेलं सांडपाणी सोडलं, की एक गोडसर कुबट वास उठायचा. क्षितिजावर तेलविहिरींचा वायू जळत असायचा. त्यामुळं त्या बाजूचं आभाळ कधीच पुरतं काळं होत नसे. सगळे म्हणायचे, काय छान दिसतंय! मला ते आवडत नसे, पण सुरुवातीला आवडल्याचं मीही घरी कॅसेटमध्ये भरून पाठवलं होतं. तेव्हा आम्ही पत्रं बोलून पाठवायचो.

कॅम्पात माझ्या खोलीत इस्माईल होता. दापोलीकडच्या किनाऱ्यावरचा, आधी जहाजावर आणि मग इथं पाइप फिटर. त्याची मराठी ऐकून कंपनीतले हिंदीवाले चक्रावायचे. त्यांना वाटायचं, मुसलमान म्हणजे उर्दूच बोलणार. आम्ही दोघं मराठीतच भांडायचो. तो सुक्या बोंबलाचं कालवण करायचा, मी भाकऱ्या थापायचो. माझ्या भाकरीला तो "कोल्हापुरी पत्रा" म्हणायचा आणि तीन खायचा. लहानपणी मदरशात शिकल्यामुळं त्याला अरबी वाचता यायची, पण तो चारचौघांत बोलायचा नाही. मला वाचता यायची नाही, आणि मी सगळीकडं बोलायचो. यल्ला, खलास, बुकरा, मोया, कहरबा; म्हणजे चल, संपलं, उद्या, पाणी, वीज. शे-दीडशे शब्दांच्या जोरावर मी स्वतःला पंडित समजत होतो. इस्माईल म्हणायचा, "तुझी अरबी जोरात हाय रे, पण ब्रेक नाय तिला." मला राग यायचा. त्याला जमत नाही म्हणून जळतो, असं मी मनात म्हणायचो.

त्याच मोसमात क्लबात फ्रेंच कोच आला. मोसिए तिबो. ठेंगणा, गुडघ्यातून किंचित बाहेर वाकलेला, पन्नाशी ओलांडलेला. आमच्या कामगारांनी दोन दिवसांत त्याचा टिपूसाहेब करून टाकला. अरब लोक त्याला कॅप्टन म्हणायचे, कारण तिथं प्रत्येक कोच कॅप्टनच असतो. त्याच्यासोबत आलेला लेबनानी दुभाष्या दुसऱ्याच आठवड्यात जास्त चांगली नोकरी लागली म्हणून रियाधला निघून गेला. तिबोला स्वतःला थोडी अरबी यायची, मोरोक्कोत दोन वर्षं काढून शिकलेली. पण ती इकडं चालेना. "फार" म्हणायला तो "बेज्जाफ" म्हणायचा आणि सगळे खेळाडू पोट धरून हसायचे. तोही त्यांच्याबरोबर हसायचा, पण एकटा असला की वहीत काहीतरी खोडत बसायचा.

मी एकदा खांबावर चढून दिवा बदलत होतो. खाली त्यानं इंग्रजीत विचारलं, डाव्या कोपऱ्यात अंधार का पडतो. मी वरूनच त्याला उत्तर दिलं. क्लबाचा सेक्रेटरी अबू नासिर बाजूला उभा होता. तो भला माणूस, सदा घाईत, हातात जपमाळ. त्यानं मला बोटानं खाली बोलावलं, आधी अरबीत दोन वाक्यं विचारली, मग कॅप्टनकडं बोट दाखवून म्हणाला, "इन्ता, कल्लिम." तू. तू बोल. खांबावरून उतरलो तो थेट दुभाष्या झालो. रोज दुपारनंतर दोन तास. कंपनीनं हरकत घेतली नाही, क्लब तसा बड्या माणसाचा होता.

त्या दिवशी मी खोलीवर आलो तो जमिनीवरून चार बोटं वर चालत. इस्माईल म्हणाला, "बरा झाला. पण अडलास तर इचार हां मला." मी म्हटलं, "तुला काय इचारायचं? तू कुराण वाचणारा, मी बोलणारा." तो बोंबलाचे काटे काढत राहिला. हे वाक्य मला इतक्या वर्षांनी अक्षर न् अक्षर आठवतं, आणि आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तिबोचा इतिहास मला तुकड्यातुकड्यानं कळला. सराव संपला, की मैदानाच्या कडेला आम्ही काळा चहा पीत बसायचो. त्याच्या खिशात नेहमी खजुराच्या बिया असायच्या. चहाच्या पत्र्याच्या तबकावर तो अकरा बिया मांडायचा आणि एखादी पुढंमागं सरकवत बोलायचा. त्याचं गाव फ्रान्सच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणींचं. बाप खाणीत, भाऊ खाणीत. हा पायांमुळं वाचला. चौदा वर्षं मधल्या फळीत खेळला. आमच्या कोल्हापुरात त्याला हाफ म्हणतात. मी बॅक खेळायचो, पेठेकडून. बॅकला प्रेक्षक ओळखतात, कारण तो मारतो. फॉरवर्डला ओळखतात, कारण तो गोल करतो. हाफ काय करतो ते दुसऱ्या हाफशिवाय कुणाला कळत नाही. तिबो म्हणायचा, "माझी चौदा वर्षं अशीच गेली. माझ्या पायातून निघालेल्या चेंडूवर दुसऱ्यांचे फोटो छापून आले." हे तो कुरकुरत सांगायचा नाही. त्याला त्याचा अभिमान होता.

देशाच्या संघात तो एकदाच निवडला गेला आणि पूर्ण सामना बाकावर बसला. मग गुडघा गेला. मग धाकट्या क्लबांचा कोच. एक क्लब बुडाला, दुसऱ्यानं मोसमाच्या मध्येच काढलं, मग मोरोक्को, मग हे. बायको गावीच होती, तिला वाळवंट नको होतं. तो एकदा म्हणाला, "दाता, हे नीट झालं तर तिकडं परत बोलावतील. नाही झालं तर मी म्हातारा." माझं नाव दत्ता, त्याच्या तोंडात ते दाता व्हायचं. मला ते फार आवडायचं.

त्याची शिकवण एकच. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागं बघा. मागं कोण आहे हे ज्याला आधी माहीत, तो हाफ. चेंडू आल्यावर बघतो तो गाढव. दिवसातून पन्नास वेळा तो ओरडायचा आणि मी ते अरबीत ओरडायचो, "मागं बघ, मागं बघ!" खेळाडू आमची दोघांची नक्कल करायचे. हळूहळू मात्र माना वळायला लागल्या. त्या मैदानावर पाच-सहा पासांची माळ लागली, की मला कोल्हापूर आठवायचं नाही. आमच्याकडं इतका वेळ चेंडू जमिनीवर ठेवला असता, तर प्रेक्षकांतून चप्पल आली असती.

तिथंही चप्पल यायचीच बाकी होती. संघ नीट पास देत हरायला लागला. गावाला लांब किक आणि धावपळ हवी होती. क्लबाचे अध्यक्ष एक वयस्क शेख होते, कमी बोलणारे. ते सामन्याला यायचे, एका खुर्चीवर बसायचे आणि हरलो की गाडीत बसून जायचे. जानेवारीत मात्र आम्ही लागोपाठ दोन सामने जिंकलो. तिबोनं मैदानावर मला मिठी मारली. त्याच्या अंगाला घामाचा आणि बडीशेपेच्या गोळ्यांचा वास यायचा. तो म्हणाला, "बघ, आता त्यांना दिसायला लागलं."

त्याच आठवड्यात, सोमवारी, अबू नासिर पंपाच्या खोलीत आला. मी आत मोटर खोलून बसलो होतो, हात ग्रीसनं माखलेले. तो दारातूनच बोलला. शेखसाहेबांनी घरी बैठक ठेवली आहे. क्लबाचे सगळे मोठे लोक येणार. कॅप्टनला ठेवायचं की नाही हे तिथं ठरेल. कॅप्टननं यावं, आपलं म्हणणं स्वतः मांडावं, जेवण तिथंच. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, "लैलत अल जुमा, बाद अल मग्रिब."

लैल म्हणजे रात्र. जुमा म्हणजे शुक्रवार. मग्रिबनंतर म्हणजे सूर्य बुडाल्यावर. मला सगळे शब्द येत होते. मी ताठ मानेनं जाऊन तिबोला सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी, कॅप्टन."

आता कुणालाही सांगितलं तर हसेल. त्यांच्याकडं दिवस सूर्य बुडाल्यावर सुरू होतो. गुरुवारी सूर्य मावळला, की शुक्रवार लागला. शुक्रवारची रात्र म्हणजे आपली गुरुवारची रात्र. ही काही गुप्त विद्या नव्हे. माझ्याच खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी इस्माईल आंघोळ करून, अत्तर लावून, दार आतून घट्ट लावून एकच उदबत्ती पेटवायचा. तिथल्या मौलवींना असलं काही चालत नसे, म्हणून दार लावायचं. आणि दर गुरुवारी न चुकता म्हणायचा, "आज जुम्याची रात, दत्ता. गाणी लावू नको." चांगल्या मराठीत. तीन वर्षं मी ते ऐकत होतो. तीन वर्षं मी गुरुवारी माझी कॅसेट बंद ठेवत होतो. आणि तेच शब्द अरबीत ऐकल्यावर मला ओळखू आले नाहीत.

मंगळवारी आणि बुधवारी आम्ही तालीम केली. तिबोनं चार मुद्दे काढले होते. ते त्यानं इंग्रजीत सांगायचे आणि मी अरबीत. एका मुद्द्यात त्यानं लिहिलं होतं, "मला अजून एक मोसम द्या. मी वचन देत नाही की जिंकू. मी वचन देतो की खेळ दिसेल." मी म्हटलं, कॅप्टन, जिंकू असंच म्हणा, यांना तेच आवडतं. तो म्हणाला, "नाही, जे आहे तेच सांग." गुरुवारी दुपारी तो म्हणाला, "उद्या." मीही म्हटलं, "उद्या."

गुरुवारी संध्याकाळी मी खोलीवर बूट सोडत होतो. इस्माईल ओल्या केसांनी न्हाणीतून आला आणि म्हणाला, "आज जुम्याची रात."

सगळं कळलं असं नाही. पण कळायला लागलं. मी त्याच्याकडं बघितलं. एक प्रश्न विचारायचा होता. इस्माईल, लैलत अल जुमा म्हणजे कधी रे? एवढंच. तिबोचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. बांग नुकतीच झाली होती. बैठक सुरू व्हायला, माणसं जमायला, कॉफीचे पेले फिरायला अजून तासभर जाणार होता. पण विचारलं असतं, तर इस्माईल हसला असता. म्हणाला असता, दुभाष्या ना तू? आणि मी धावत जाऊन तिबोला म्हणालो असतो, कॅप्टन, माझं चुकलं, मला येत नव्हतं. मी स्वतःला समजावलं, की हे मुसलमान लोकांचं धर्माचं बोलणं, ऑफिसचं बोलणं वेगळं असणार. असं काही नसतं, हे मला ते समजावतानाही ठाऊक होतं. मी बूट सोडले, पाय धुतले आणि भाकरीला बसलो. इस्माईल म्हणाला, "आज भाकरी जाड झाली रे." मी म्हटलं, "गप की, खा."

शुक्रवारी तिबो सुटाबुटात आला. गळ्याला टाय, दाढी गुळगुळीत, हातात कागदांची जाड पुडी. मग्रिबची नमाज झाल्यावर आम्ही शेखसाहेबांच्या फाटकाशी गेलो. फाटक बंद. आत दिवा नाही. म्हातारा येमेनी पहारेकरी खुर्चीवरून उठला, तिबोकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "अम्स, या कॅप्टन. अम्स." काल. काल होती. मग तो मला हळूहळू सांगू लागला, कारण मला त्याची अरबी समजत होती. काल सगळे आले होते. कॅप्टनच्या नावानं बकरं कापलं होतं. शेखसाहेबांनी भाताच्या परातीवर कुणाला हात घालू दिला नाही, पाहुणा येऊ दे म्हणाले. परात गार झाली. मग ते स्वतःच उठून आत गेले. त्यांच्याकडं बोलावलेल्या माणसानं निरोप न धाडता जेवण टाकणं म्हणजे काय, हे मला पुरतं माहीत होतं.

तिबोनं विचारलं, "काय म्हणतो?"

आणि मी म्हणालो, "म्हणतो, शेखसाहेब आलेच नाहीत. बैठक रद्द झाली."

आधीची चूक होती. आदल्या संध्याकाळचा भ्याडपणा होता, त्यालाही एकवेळ चूक म्हणेन. हे मात्र मी शुद्धीवर असताना, स्वच्छ इंग्रजीत, माणसाच्या डोळ्यांत बघून केलं. पहारेकऱ्याला इंग्रजी येत नव्हती. तिबोला त्याची अरबी समजत नव्हती. मधली वायर मी होतो. मी जे सोडीन तेच पलीकडं जाणार होतं.

तिबो म्हणाला, "पुढची कधी?" मी म्हटलं, "कळवतील."

शनिवारी अबू नासिरनं मला मैदानाच्या कडेला गाठलं. जपमाळ थांबली होती. "तो का आला नाही?" मी म्हटलं, "तब्येत बरी नव्हती." "मग निरोप का नाही धाडला?" मी खांदे उडवले. खांदे उडवणं किती सोपं असतं! तिबो दहा पावलांवर उभा राहून आमच्याकडं आशेनं बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा करार संपल्याचा कागद आला. तिसऱ्या दिवशी इकाम्यावर, म्हणजे तिथं राहायच्या परवान्यावर, खुरूजचा, म्हणजे कायमच्या जाण्याचा, शिक्का पडला. आठवडा संपायच्या आत तो विमानतळावर होता.

धाहरानच्या विमानतळावर मी त्याच्यासोबत गेलो, काउंटरवर बोलायला माणूस हवा म्हणून. बाहेर धुकं होतं, विमानाला उशीर झाला. तो बाकावर बसून होता. टाय नव्हता. त्यानं विचारलं, "मी त्यांचं काय बिघडवलं, दाता? तू ओळखतोस त्यांना. एकानंही मला बोलावून विचारलं नाही. माणसाला असं घालवतात?"

मी म्हणालो, "हे लोक असेच आहेत, कॅप्टन."

हे वाक्य तेव्हा आमच्या कॅम्पात पाण्यासारखं वापरलं जायचं. मेसमध्ये डाळ पातळ झाली, सुट्टी लांबली, बस चुकली, की हे लोक असेच आहेत. कधी ते खरं असायचं. पुष्कळांचे कफील, म्हणजे तिथले जामीनदार मालक, वाईट होते, पासपोर्ट दाबून ठेवणारे होते, आमचे हाल झाले ते खोटे नाहीत. पण त्या खऱ्या हालांच्या आड उभं राहून मी माझी घाण त्यांच्या दारात टाकली. ज्या माणसानं पाहुण्यासाठी परात गार होऊ दिली, त्याला मी असा-तसा ठरवलं. तिबोनं मान हलवली. त्याला पटलं. मोरोक्कोतही असंच काहीतरी झालं होतं म्हणाला. मग त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आत गेला.

उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. त्याच्या भागातल्या एका क्लबाला कोच हवा होता. त्यांनी आमच्या क्लबाकडं चौकशी केली, आणि उत्तर गेलं की हा गृहस्थ गुरुवारी बोलावलेल्या महत्त्वाच्या बैठकीला निरोप न देता गैरहजर राहिला. तिबोनं लिहिलं होतं, "तुला माहीत आहे, बैठक शुक्रवारी होती आणि आपण दोघं फाटकाशी उभे होतो. तू साक्षीदार आहेस. दोन ओळी लिहून सही कर. माझं म्हणणं खरं मानायला त्यांना दुसऱ्या कुणाचा शब्द हवा आहे."

मी ते पत्र खोलीत दोनदा वाचलं. इस्माईल खालच्या बाजेवर बसून कांदा चिरत होता. त्यानं विचारलं, "टिपूचा हाय?" मी त्याला वाचून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे! बहुतेक त्यानं काहीतरी चुकीचा सल्ला द्यावा, असं मला वाटत होतं.

तो म्हणाला, "मग लिव की खरा."

"काय खरं?"

"गुरवार होता म्हणून. तुझी चूक झाली म्हणून. त्याची नाय."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"येमेनी म्हातारा माझ्या बाजूला नमाजला उभा रवतो. दुसऱ्याच दिवशी सांगितलान त्यानं." सुरी न थांबवता तो म्हणाला, "सहा महिने झाले. मी बगतोय, आज सांगशील, उद्या सांगशील. मला नको सांगू. पण त्याला तरी सांग."

"तू तरी का बोलला न्हाईस मग?"

"तू इचारलास कधी?"

मी त्याला म्हटलं, लिहितो. खरंच लिहायचं होतं. कागद घेऊन बसलो. बैठक गुरुवारी होती, मी चुकीचा दिवस सांगितला. इंग्रजीत एवढंच वाक्य, आठ-दहा शब्दांचं. ते लिहिलं तर पत्र आमच्या क्लबाकडं उलट येईल, अबू नासिरला कळेल, कंपनीला कळेल, पहिल्या विमानानं मला परत पाठवतील, घराचा स्लॅब अर्धा पडलाय. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या खाली अजून एक होतं, ते लाज वाटण्यासारखं आहे. मला दुभाष्या राहायचं होतं. नंतरच्या कोचकडंही मीच होतो.

मी ऑफिसातल्या केरळी टायपिस्टकडं गेलो. त्याला सांगितलं, लिही, बैठक शुक्रवारी ठरली होती. आम्ही दोघं वेळेवर फाटकाशी हजर होतो. त्यानं झरझर टाइप केलं, छान लेटरसारखं, आणि खाली माझ्या नावासाठी जागा सोडून विचारलं, "हुद्दा काय टाकू?" मी म्हणालो, "दुभाष्या. क्लबाचा अधिकृत दुभाष्या." इंग्रजीत तो शब्द कागदावर उमटला तेव्हा मला आनंद झाला. असा झाला, की मी दोन क्षण तो नुसता बघत राहिलो. मग सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

इस्माईलला मी म्हटलं, लिहून टाकलं. त्यानं विचारलं नाही काय लिहिलं. पुढच्या महिन्यात त्यानं खोली बदलून घेतली. माझ्या भाकऱ्या मग मी एकटाच खायचो, आणि गुरुवारी कॅसेट लावायला मला कुणाची आडकाठी नव्हती. मी लावायचो नाही, एवढंच. तो पुढं अल खर्जकडं एका दुधाच्या फार्मवर कामाला गेला. त्याआधीचं वर्षभर मेस एकच होती, तिथं समोर आला, की सलाम करायचा, तब्येत विचारायचा. तोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

थंडी पुन्हा पडायला लागली तेव्हा तिबोचं उत्तर आलं. एक साधं कार्ड. नोकरी मिळाली नव्हती. त्याच्याकडच्या क्लबानं दोन्ही कागद समोरासमोर ठेवले, एकात गुरुवार, दुसऱ्यात शुक्रवार, आणि कोच आणि त्याचा नोकर मिळून बनाव करतात असं त्यांनी ठरवलं. आता तो भावाच्या ओळखीनं खाणीच्या गोदामात कारकून होता. खाली त्यानं लिहिलं होतं, "ते शेवटपर्यंत गुरुवारच म्हणत राहिले. खोटारडे. त्या देशात माझ्यासाठी खरं बोलणारा तू एकटाच निघालास, दाता. हे मी विसरणार नाही."

त्याला मी उत्तर दिलं नाही. मैदानावर नवीन मोसम लागला, मी मागं बघ ओरडणं बंद केलं. नव्या कोचला लांब किक आवडायची. पुढं कधीतरी मी परत आलो, स्लॅब पुरा झाला, मुलांची लग्नं झाली. तिबोच्या बायकोचं दोन ओळींचं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत मला कोल्हापुरात मिळालं, तो गेल्याचं कळवणारं. त्याच्या डायरीत माझा पत्ता होता म्हणे, मित्र या शब्दाखाली.

आत्ता बाहेर रिक्षा फिरते आहे. उद्या दुपारी चार वाजता सामना. बायको खिडकी उघडायला सांगते आहे, आत कोंदटलंय म्हणते. ज्यानं हे वाचायला हवं होतं तो राहिला नाही, आणि असता तरी त्याला मराठी येत नव्हती. अबू नासिरलाही येत नव्हती. तरी मला येणाऱ्या एकाच भाषेत लिहून ठेवतो. बैठक गुरुवारी होती. क्लब खरं बोलत होता.